'येवगेनी ओनेगिन'वर शोधनिबंध: विषय कसा आवळावा?

दक्षिणकसबा: सोलापुरात एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'वर 3000 शब्दांचा शोधनिबंध द्यायचाय. रशियन येत नाही. 'ओनेगिन: एक निरुपयोगी नायक' असा विषय घेतला, पण मार्गदर्शकांना तो फार पसरट वाटतो. कादंबरी पद्यात आहे, याचं निबंधात नेमकं करायचं काय? आणि भाषांतर कोणतं घेऊ?

होटगीरोड: मार्गदर्शकांचं बरोबर आहे. 'निरुपयोगी नायक' (हुशार असून आयुष्याचं काहीच न करणारा माणूस) हा शिक्का रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या 1850 च्या कथेनंतर रूढ झाला. 1823 ते 1830 मध्ये लिहिलेल्या ओनेगिनला तो लावायचा म्हटलं की अर्धा निबंध व्याख्येतच संपतो.

पद्यच हाताशी धरा. कडवं चौदा ओळींचं. पहिल्या चार ओळींत यमक एकाआड एक, पुढच्या चारांत जोडीने, नंतरच्या चारांत बाहेरच्या दोन ओळी आतल्या दोन ओळींना वेढतात, शेवटी एक जोडी. सहा ओळी नऊ अक्षरांच्या, आठ ओळी आठ अक्षरांच्या, एकूण 118. हा साचा जवळजवळ अखंड चालतो, म्हणून तो कुठे सुटतो ते बघा: तिसऱ्या प्रकरणातलं नायिका तात्यानाचं ओनेगिनला लिहिलेलं प्रेमपत्र, त्याच प्रकरणातलं मुलींचं गाणं, आठव्यातलं ओनेगिनचं तिला लिहिलेलं पत्र.

त्यातलं तात्यानाचं पत्र घ्या. 3.26 (प्रकरण 3, कडवं 26) मध्ये निवेदक सांगतो की तिने ते फ्रेंचमध्ये लिहिलं, म्हणजे आपण वाचतो तो त्याचा अनुवाद. 3.31 मध्ये तो म्हणतो, पत्र माझ्यासमोर आहे, मी ते जिवापाड जपतो. आणि 8.20 मध्ये तेच पत्र ओनेगिनने जपून ठेवलेलं! मग निवेदक आहे कोण, आणि त्याच्या हाती हे पत्र आलं कसं? एवढ्या एका प्रश्नावर निबंध उभा राहतो. फक्त 'निवेदक म्हणजे पुश्किन' असं धरून चालू नका, मुद्दा तिथेच मरतो.

ग्रंथपाल_सोला: भाषांतरं दोन ठेवा. जेम्स फॅलेन (1990) कडवं आणि यमक दोन्ही सांभाळतो. नाबोकॉव्ह (1964) यमक सोडून अर्थाला चिकटतो, आणि त्याची टीपांची बाजू फार मोठी आहे. लय दाखवायला फॅलेन, अर्थ तपासायला नाबोकॉव्ह. फॅलेनच्या यमकाच्या शब्दांवर मात्र युक्तिवाद उभा करू नका, ते शब्द त्याचे आहेत. नेटवर फुकट मिळतं म्हणून स्पॉल्डिंगचं 1881 चं भाषांतर मुख्य आधार करू नये.

संदर्भ पानाचा नको, प्रकरण आणि कडव्याचा द्या: 3.31. परीक्षकाकडे कुठलीही आवृत्ती असो, जागा सापडते. 1.39 ते 1.41 गायब दिसतील. ती छपाईची चूक नाही, पुश्किनने मुद्दाम रिकामी ठेवलेली कडवी आहेत.

हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी विचारा. नाहीच मिळालं तर कॉलेजमार्फत आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज करा, आणि तो आजच, कारण पुस्तक यायला वेळ लागतो.

अक्कलकोटनाका: चायकोव्हस्कीचा ऑपेरा (1879) बघून लिहिलेले निबंध लगेच ओळखू येतात. तात्यानाच्या नवऱ्याला तिथे ग्रेमिन हे नाव आहे, कादंबरीत तो बिननावाचा जनरल. ओनेगिनचा कवी मित्र लेन्स्की द्वंद्वात मरतो, त्याच्या मरणाआधीच्या ओळी तिथे काळीज हलवतात, कादंबरीत निवेदक 6.23 मध्ये त्यांनाच धूसर नि मरगळलेल्या म्हणतो.

दक्षिणकसबा: पत्राचाच विषय घेते. चौदा ओळी आहेत, तर केशवसुतांच्या सुनीताशी तुलना चालेल का?

होटगीरोड: एका परिच्छेदापुरती. सुनीत स्वतःत पूर्ण होतं, इथलं कडवं पुढच्यात सांडू शकतं. 3.38 च्या शेवटी तात्याना धापा टाकत बाकाशी येते, आणि 'कोसळली' हे क्रियापद 3.39 च्या सुरुवातीला येतं. तिच्याबरोबर वाक्यही सीमा ओलांडतं. हे नाबोकॉव्हमध्ये तपासून मगच लिहा.

शब्दांची वाटणी: प्रस्तावना 300, कडव्याची रचना 500, पत्र आणि निवेदक 1500, ओनेगिनच्या पत्राशी तुलना 500, निष्कर्ष 200. कथानकाचा सारांश कुठेच नको.