मदत हवी आहे: अपग्रेड (सुधारित पार्ट) लावल्यावर फॉर्म्युला वनची गाडी उलट बिघडते कशी?

मंडळी, एक शंका कधीची डोक्यात घोळतेय. २०२४ मध्ये मॅक्लारेन टीमने मायामीच्या रेसला अपग्रेड आणलं आणि त्यांचा ड्रायव्हर नॉरिस तिथेच फॉर्म्युला वनमधली आपली पहिली रेस जिंकला, पण फेरारीने स्पेनला नवीन फ्लोअर (गाडीचा तळ) लावला तर फास्ट कॉर्नरमध्ये गाडी उड्या मारायला लागली! रेड बुलचं तर विचारूच नका, पुढचं टोक वळत नाही म्हणून सेटअप बदलला की मागच्या चाकांची पकड सुटायची, त्यांचा ड्रायव्हर व्हर्स्टापेन जूनमध्ये स्पेन जिंकला तो पुढे थेट नोव्हेंबरात ब्राझीललाच. विंड टनेलमध्ये (वारा सोडून चाचणी करतात तिथे) डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, वाढलेला दिसतो मग ट्रॅकवर पुढच्या-मागच्या पकडीचा बॅलन्स का जातो? राइड हाइटमुळे (गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीमुळे) का? आणि हे नुसत्या फ्रंट विंगच्या (नाकावरच्या पंखाच्या) अँगलने का सुटत नाही? जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा ना, मी इंजिनिअर नाहीये 😅