राजापूर बंदर कशानं मेलं, गाळानं की घाटरस्त्यांनी?

अर्जुनाकाठ
राजापूरच्या अर्जुना-कोदवली नद्यांतला गाळ काढायचा विषय निघाला की बंदराचाही निघतो. माझं मत स्पष्ट आहे: गाळ काढा, बंदर उभं राहील. मिरी आणि कापड अणुस्कुरा घाटानं बैलांच्या पाठीवरून इथं उतरायचं, म्हणून तर इंग्रजांनी इथं वखार घातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं गॅझेटिअर सांगतं की रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबतं थेट येतात असं हे एकच बंदर उरलंय, पण जरा मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. त्या तीन मैलांनी बंदर खाल्लं.

सुकाणू
मोठी जहाजं खाडीच्या मुखाशी जैतापूरलाच नांगर टाकत. वर जायचे ते पडाव आणि मचवे, म्हणजे लहान होड्या. भरती लागली की निघायचं, पाण्याच्या जोरावर वर सरकायचं, पूर्ण भरतीला धक्का गाठायचा आणि सुकती (ओहोटी) धरून खाली यायचं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेवढं वेळापत्रक सांभाळायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीला, भरलेला मचवा वाटेतच टेकायचा, म्हणून तेव्हा माल कमी भरायचा. या हिशोबावर बंदर शतकानुशतकं चाललं.

माल यायचा थांबला तो घाटामुळे. फोंडा आणि आंबा घाटांत गाडीरस्ते झाले, अणुस्कुरा मात्र पाठीवरच्या बैलांचाच राहिला. 1891 मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली. पुढे आगबोटी जैतापूर-मुसाकाजीलाच थांबून जात. धक्क्यासमोर दहा वाव (साठ फूट) पाणी असतं तरी भरायचं काय होतं?

अर्जुनाकाठ
पण जैतापूरला एकदा उतरवा, राजापूरला पुन्हा उतरवा, म्हणजे हमाली दोनदा. व्यापारी दुसरी वाट का शोधतो, याचं उत्तर त्यातच आहे.

वखारवाला
राजकारण विसरू नका. 1660 मध्ये राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला गेला. 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटलं, वखारवाले कैदेत गेले. 1674 ला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हाही राजापूरच्या भरपाईचं घोंगडं भिजतच होतं. तोवर, 1668 पासून, मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली होती. मग राजापूरची गरज कुणाला?

सुकाणू
कंपनीला नसेल. पण वरच्या गॅझेटिअरप्रमाणे अरबी गलबतं त्यानंतर दोनशे वर्षं येतच होती. वखार उठणं आणि बंदर उठणं या दोन गोष्टी आहेत.

खाजणकर
गाळ कसा बसतो ते बघा, म्हणजे उपशाचा भरवसा किती धरायचा ते कळेल. पावसाळ्यात नदी माती आणते. गोड्या पाण्यातला बारीक चिखल खाऱ्या पाण्याला भेटला की त्याचे गोळे होऊन तळाला बसतो. पाऊस गेला की नदीचा जोर संपतो. उथळ खाडीत भरती थोड्या वेळात जोरानं चढते, ओहोटी रेंगाळत उतरते. त्यामुळे आत आलेला गाळ पूर्ण बाहेर जात नाही.

त्यात खारबंदिस्ती. खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी पसरतं त्या सखल जमिनीत, बांध घालून शेती केली की भरतीचं पाणी पसरायला जागा उरत नाही. आत पाणी कमी शिरलं की ओहोटीला बाहेरही कमीच जातं, आणि तळ धुऊन काढणारा तोच जोर असतो. बांध तसेच ठेवून मधेच खड्डा खणलात तर तो काही पावसाळ्यांत भरतो. शिवाय तळ खोल केला की खारं पाणी आणखी वर चढतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात.

अर्जुनाकाठ
बंदर राहू द्या. दर पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी येतं, त्यासाठी तरी उपसा हवाच ना?

खाजणकर
हवा, पण कुठे ते ठरवून. ओहोटीच्या पातळीखालचा खड्डा आधीच पाण्यानं भरलेला असतो, त्यात पुराची साठवण वाढत नाही. सलग खोली खालपर्यंत नेली तर प्रवाह वाढतो, तुकड्यातुकड्यात नाही. खर्च करण्याआधी नोव्हेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा त्याच ठिकाणी तळ मोजा, पातळी भरतीप्रमाणे दुरुस्त करून. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा मोजलंत की एका पावसाळ्यात किती गाळ येतो ते दिसेल, आणि कंत्राटाचा आकडा त्यावरून ठरवता येईल.