टाळेबंदीत बायका आणि तरुण मुलं : कामातले अनुभव

महासाथ आली की दारं बंद होतात आणि घराबाहेर पडणं हीच ज्यांची सुटका होती ते आत अडकतात. हेल्पलाइन, दवाखाने, शाळा यांत काम करणाऱ्या मंडळींनी लिहावं: काय अडतं, का अडतं, कशानं भागतं. आपबीती नको, करण्याजोगं सांगा. त्यांनी लिहिलं ते असं.

हेल्पलाइनवरून :
फोन कमी झाले म्हणजे मारहाण थांबली असं कुणी समजू नये. मारणारा पलीकडच्या खोलीत असताना बाई बोलणार कशी? पहिला प्रश्न एकच, 'आत्ता बोलता येईल का?' पुढचेही 'हो-नाही'वर भागतील असे. फोन तुटला तर आपण उलट करायचा की नाही, हे सुरुवातीलाच विचारून घ्यायचं. ते राहून गेलं तर आपलाच फोन तिला महागात पडतो. व्हिडिओ कॉलवर मदत मागायची एक खूण आहे: तळवा कॅमेऱ्याकडे, अंगठा आत, त्यावर चार बोटं मिटायची. ती दिसली तर तिथल्या तिथे चौकशी नको. नंतर 'हो-नाही'त उत्तर येईल असा साधा निरोप धाडावा. २०२० मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर औषधांच्या दुकानात 'मास्क १९' म्हटलं की दुकानदार मदत बोलवत. जागा अचूक निवडली होती. औषधाचं दुकान उघडं असतं आणि तिथं जायला सबब शोधावी लागत नाही. मात्र परवलीचा शब्द गाजला की मारणाऱ्यालाही कळतो.

कुटुंबनियोजनाच्या कामातून :
तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन (डीएमपीए) १३ आठवड्यांनी घ्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार त्यानंतर ४ आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, दुसरं जादा गर्भनिरोधक साधन लागत नाही. हे ठाऊक नसल्यानं 'तारीख चुकली' म्हणून बायकांना परत पाठवतात, आणि मग खरंच उशीर होतो. गोळ्या महिन्याच्या न देता तीन महिन्यांच्या एकदम द्याव्यात.

दवाखान्याच्या वॉर्डातून :
जगभरात आरोग्यसेवेत सुमारे ७० टक्के बायका, तरी मास्क बहुधा मोठ्या चेहऱ्याच्या मापाचे. चष्म्यावर वाफ आली म्हणजे नाकापाशी हवा निसटतेय. आधी नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. तरी गळती राहिली तर पट्टे ताणत बसू नये, वण तेवढे पडतात, माप बदलायचं. पीपीई (संरक्षक पोशाख) काढायला लागू नये म्हणून पाणी न पिणं, पाळीतही पॅड न बदलणं सर्रास चालतं. पाळीची सुट्टी घ्या असं सांगून हे सुटत नाही, ड्यूटीचे तास कापावे लागतात.

शिकवणाऱ्यांकडून :
घरात फोन एक आणि शिकणारे तिघं असले तर मुलीचा नंबर शेवटी लागतो, कामं मात्र आधी. कॅमेरा चालू असेल तरच हजेरी, हा नियम आधी रद्द करा. तासभराचं ध्वनिमुद्रण हलक्या दर्जावर, म्हणजे ३२ केबीपीएसवर केलं तर जेमतेम १४ एमबी होतं. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून रात्रीही ऐकता येतील असे पाठवा, उत्तराला आठवडा द्या. वर्ग पुन्हा भरले की पहिल्याच आठवड्यात गैरहजर मुलींची यादी काढून घरी निरोप जायला हवा. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये उलट झालं: इबोलाच्या साथीत बंद पडलेल्या शाळा २०१५ मध्ये उघडल्या तेव्हा गरोदर मुलींना शाळेची दारंच बंद केली. ती बंदी उठायला मार्च २०२० उजाडला.