‘कराटे म्हणजे जपानी’ याबद्दल थोडं

‘कराटे ही जपानची प्राचीन विद्या’ असं बऱ्याचदा म्हटलं जातं, त्यावर थोडी भर. ती मूळची ओकिनावाची, म्हणजे आजच्या जपानच्या दक्षिण टोकाकडच्या बेटांची, आणि तिथलं र्‍युक्यू राज्य जपानने १८७९ साली खालसा करेपर्यंत वेगळं होतं. नावसुद्धा आधी ‘चिनी हात’ या अर्थाच्या चित्रलिपीत लिहायचे. १९३६ साली ओकिनावातल्या नाहा शहरात जाणकारांची बैठक झाली आणि ‘रिकामा हात’ हे लेखन पक्कं झालं. (उच्चार तोच, अर्थ बदलला. तेव्हाचं जपान-चीन तणावाचं वातावरण पाहता चीन पुसला गेला यात नवल नाही.)

ओकिनावातल्या जुन्या पद्धतीच्या दोजोत (कराटेच्या तालमीत) आजही मातीच्या जड घागरी बोटांच्या चिमटीत गळ्याशी धरून चालायला लावतात. आपल्या तालमीतली करेला-मुद्गल आठवतात, दांड्याला दगड बसवलेलं ‘चिइशी’ तर हुबेहूब त्याच घराण्यातलं.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये काता (प्रतिस्पर्ध्याशिवाय ठरावीक हालचाली एकट्याने करून दाखवणं) प्रकारात सुवर्ण जिंकणारा र्‍यो कियुना ओकिनावाचाच. पदक घेताना त्याच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता. त्याचा ‘ओहान दाई’ काता एकदा आवाज बंद न करता बघा, कराटेच्या पोशाखाच्या फटक्यांच्या आवाजासाठी तरी.