तालुक्याचं साप्ताहिक ऑनलाइन न्यायचंय: नोंदणी, जुने फॉन्ट, दुरुस्ती आणि छापील अंकाचं काय?

तालुकावार्ता

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातलं एक साप्ताहिक आहे. टॅब्लॉइड आकार, ८ पानं, २,५०० प्रती, अंक दर शुक्रवारी. आता वेबसाइट सुरू करायची आहे. नुसती अंकाची पीडीएफ चढवायची नाही, रोज बातम्या द्यायच्या आहेत. संपादक, एक उपसंपादक आणि पानं लावणारा ऑपरेटर एवढीच माणसं, शिवाय सहा गावांत वार्ताहर.

वेबसाइटला वेगळी नोंदणी लागते का? २०११पासूनचे अंक जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ते कसे आणायचे? कुठली बातमी आधी साइटवर आणि कुठली अंकासाठी राखायची? आणि सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे साइटवर फुकट मिळायला लागलं तर अंक कोण घेणार?

पान_एक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर ठरतात.

आधी कागदाचा हिशेब मांडा. टॅब्लॉइडची ८ पानं म्हणजे मोठ्या आकाराची ४ पानं, म्हणजेच दोन्ही बाजूंनी छापलेले मोठ्या पानाएवढे दोन कागद. मोठं पान साधारण ३३ बाय ५२ सेंमी आणि कागद ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) धरला तर एका अंकाला १५-१६ ग्रॅम कागद लागतो. २,५०० प्रतींना, मशीन लावताना वाया जाणारा धरून, ४०-४२ किलो. किलोला ६० रुपये धरले तर अडीच हजार, म्हणजे प्रतीमागे रुपयाच्या आसपास. प्लेट, छपाई, टपाल आणि विक्रेत्याचं कमिशन वेगळं.

आता साइटकडे बघा. तेच अडीच हजार वाचक आठवड्यात प्रत्येकी चार पानं उघडतात असं समजा. झाली १० हजार पानं. आपोआप लागणाऱ्या जाहिरातींतून हजार पानांमागे ४० रुपये सुटतात असं धरलं तरी आठवड्याचे ४०० रुपये. अंकातली वाढदिवसाची एक पाव पान जाहिरात याहून जास्त देते. थोडक्यात, वाचक साइटवर गेला म्हणून त्याच्यामागे पैसा तिकडे जात नाही. मोठ्या दैनिकांचीही नेमकी हीच अडचण झाली.

‘ऑनलाइन बातमी लवकर देतं म्हणून वर्तमानपत्रं मागे पडली’ हे मला अर्धंच खरं वाटतं. वर्तमानपत्र ही एक मोट होती. बातम्या, स्थळं, नोकऱ्या, जुनी गाडी, सिनेमाच्या वेळा, निधनवार्ता असं सगळं तीत एकत्र बांधलेलं असे, आणि छोट्या जाहिरातींच्या पैशावर न्यायालयात दिवसभर बसणाऱ्या वार्ताहराचा पगार निघे. ती मोट सुटली. स्थळं विवाहसंस्थांच्या साइटवर गेली, गाड्या ओएलएक्सवर, नोकऱ्या नोकरी डॉट कॉमवर, वाढदिवस फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. बातमी तेवढी वर्तमानपत्राकडे उरली, आणि तीच सगळ्यांत खर्चिक. ‘डीएनए’ या इंग्रजी दैनिकाने ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईची छापील आवृत्ती बंद केली. ब्रिटनच्या ‘द इंडिपेंडंट’चा शेवटचा छापील अंक मार्च २०१६चा. दोन्ही नावं आज ऑनलाइन चालू आहेत.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे जाहीर नोटीस. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ५, नियम २०प्रमाणे पर्यायी समन्स (प्रतिवादी नेहमीच्या मार्गाने सापडत नाही तेव्हाचं) छापायचं तर त्या भागात खपणारं दैनिक लागतं. बँकेच्या ताबा नोटिशीला दोन प्रमुख वृत्तपत्रं लागतात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. ही कामं साप्ताहिकाकडे येणार नाहीत. पण मिळकतीच्या खरेदीआधी वकील हरकती मागवतात त्या नोटिसा साप्ताहिकाला मिळू शकतात, कारण तारीख आणि अंक क्रमांक असलेला छापील पुरावा फाइलला जोडता येतो. वेबपान उद्या बदलता येतं, छापलेला अंक बदलता येत नाही. म्हणून अंक बंद करायचा विचार सध्या मनात आणू नका. अंक नियमित काढा, क्रमांक चुकवू नका आणि प्रत्येक अंकाच्या दहा प्रती बांधून ठेवा.

कायदेपान

नोंदणीबद्दल.

१८६७चा जुना कायदा जाऊन त्या जागी प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स कायदा, २०२३ आला आणि १ मार्च २०२४पासून लागू झाला. ज्याला आपण ‘आरएनआय’ म्हणायचो ते कार्यालय आता प्रेस रजिस्ट्रार जनरल. ही नोंदणी छापील नियतकालिकांची आहे, वेबसाइटची होत नाही. ‘आरएनआय नोंदणीकृत पोर्टल’ असं लिहिलेलं ओळखपत्र कोणी पैसे घेऊन देत असेल तर त्याला काही अर्थ नाही. तुमच्या साप्ताहिकाचा नोंदणी क्रमांक साइटवर जरूर छापा, पण तो ‘छापील साप्ताहिकाचा’ आहे हे शेजारी स्पष्ट लिहा. शासनाची अधिस्वीकृती हा वेगळा विषय, ती पत्रकाराला मिळते.

साइटला लागू होतात ते २५ फेब्रुवारी २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम. काम सुरू केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला प्रकाशकाचा तपशील कळवायचा. भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा. आलेल्या तक्रारीची पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. महिन्याला किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं तेही प्रसिद्ध करायचं. मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ला यातल्या ९(१) आणि ९(३) या उपनियमांना (आचारसंहिता पाळणं आणि तक्रारींची त्रिस्तरीय व्यवस्था) स्थगिती दिली. त्याचा आधार घेऊन काही पोर्टलं तक्रार अधिकारी नेमतच नाहीत. तुम्ही तसं करू नका. ज्याची बदनामी झाली असं त्याला वाटतं, त्याला दाद मागायला आधी तुमचाच दरवाजा सापडला पाहिजे. नाही सापडला तर तो थेट पोलिसांत जातो.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. जुने अंक चढवण्याआधी गुन्हेविषयक बातम्या वेगळ्या काढा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे (आधी भारतीय दंड विधान, कलम २२८अ). बालकांसाठी पोक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नाव छापलं नाही तरी गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय यांवरून ओळख पटते. २०१३च्या अंकातली अशी बातमी रद्दीत गेली होती. साइटवर आली की मुलीचं गाव शोधणाऱ्या कोणालाही ती सापडेल. शंका असेल तिथे ती बातमी चढवूच नका.

जुळारी

फॉन्टचं काम तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा मोठं आहे. २०११पासून म्हणजे सातशेच्या वर अंक. पण ते टप्प्याने करता येतं.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अक्षराचा अर्थ नोंदलेला नसतो, फक्त आकार असतो. पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं. म्हणून त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की भलतंच काही येतं, आणि गूगललाही तेच दिसतं. शिवाय क्रम वेगळा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये (मोबाइल आणि वेबसाइट वापरतात त्या प्रमाण पद्धतीत) नेमकं उलटं. जुन्या फॉन्टमधून युनिकोड करणारा कन्व्हर्टर कच्चा असेल तर ‘स्थिती’चं ‘िस्थती’ होतं आणि ‘आर्थिक’चं ‘आिर्थक’. हे दोन शब्द शोधा, कन्व्हर्टर कसा आहे ते दोन मिनिटांत कळेल.

तिसरा शब्द ‘शेतकऱ्यांना’. तुमच्या अंकात हा प्रत्येक पानावर असणार. रूपांतरात त्याचं बऱ्याचदा ‘शेतकर्यांना’ होतं, ते निदान डोळ्याला दिसतं. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकीचा. हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या र्-नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲप’चंही तसंच, एक ॲ सलग अक्षर म्हणून आणि एक अ-वर चंद्र चढवून. एकच पद्धत ठरवा (मी ऱ आणि ॲ ही सलग अक्षरंच सुचवेन) आणि सगळ्या मजकुरावर शोधा-बदला चालवा.

कामाचा क्रम असा ठेवा. मजकूर पीडीएफमधून काढू नका, पानाच्या मूळ फाइलमधून काढा. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा आणि त्याच आवृत्तीचा हवा, एका कंपनीच्या जुन्या-नव्या फॉन्टमध्येही चिन्हांच्या जागा बदललेल्या असतात. आधी एकच अंक करा, मुद्रितशोधकाकडून वाचून घ्या, सापडलेल्या चुकांची यादी करा. ती यादी पुढच्या अंकांना आपोआप लावता येते. मूळ फाइल हरवलेल्या अंकांचं ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआर (चित्रातून अक्षरं ओळखणं) करावं लागेल. तेव्हा एकेक कॉलम कापून द्या, नाहीतर यंत्र आडवं वाचतं आणि ऊसदराच्या बातमीत दशक्रियेची निवेदनं घुसतात.

पुढच्या अंकांसाठी पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर सोडा, त्याला युनिकोड कळत नाही. वार्ताहराने मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा, तोच साइटवर जावा आणि तोच इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सेटिंग चालू करा. तो बंद असला की जोडाक्षरं तुटतात आणि ऑपरेटर म्हणतो, ‘युनिकोडच वाईट आहे, जुनंच बरं’. एवढी एक सेटिंग न बदलल्यामुळे वर्षानुवर्षं प्रत्येक बातमी दोनदा टाइप होते.

वेबपानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ नोंदवा. ती नसली की काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात.

तालुकावार्ता

फार उपयोगी, मनापासून आभार. ‘िस्थती’ नाही, पण ‘आिर्थक’ आमच्या पहिल्याच चाचणीत निघाला.

पुराच्या दिवसांत काय करायचं ते कोणी सांगेल का? जुलै-ऑगस्टमध्ये लोकांना तासातासाला आकडे हवे असतात आणि आमचा अंक शुक्रवारी.

नदीकाठ

साइट आणि अंक यांचं काम वेगळं कसं, हे पुराच्या बातमीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

साइटवर बातमी छोटी ठेवा, पण तिच्यात चार गोष्टी हव्यातच: दिनांक आणि वेळ, आकडा, आकडा कोणी दिला, आणि पुढची माहिती कधी मिळेल. ‘कोयनेचे दरवाजे उचलले’ एवढंच शीर्षक कधीही देऊ नका. ते दर पावसाळ्यात पुन्हा फिरतं, आणि तीन वर्षांपूर्वीची बातमी वाचून काठावरची माणसं रात्री सामान हलवतात. शीर्षकातच तारीख घाला. विसर्ग लिहिताना सहा वक्री दरवाजांतून किती, पायथा वीजगृहातून किती (दोन्ही संच चालू असतील तर २,१०० क्युसेक) आणि एकूण किती, असं फोडून लिहा. एकाने एकूण दिला आणि दुसऱ्याने फक्त दरवाजांचा दिला की वाचकाला वाटतं विसर्ग कमी झाला.

पातळी एकटी देऊ नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ‘३८ फूट’ या आकड्याला हे शेजारी असल्याशिवाय अर्थ नाही. आणि मागच्या तासापेक्षा किती इंच वाढ, ते सांगा.

दिवसभर एकच पान चालवा. नवी नोंद वर, जुनी खाली, पत्ता तोच. दर तासाला नवी बातमी काढली तर व्हॉट्सॲपवर सकाळची आणि रात्रीची एकाच वेळी फिरत राहतात. पानाचा पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता पाठवताना बऱ्याचदा प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ चिन्हांची होते. ‘बातमी’ या एका शब्दाची ४५ चिन्हं होतात. असा पत्ता लोक फसवणुकीचा समजून उघडत नाहीत.

शुक्रवारच्या अंकात हे आकडे पुन्हा छापू नका. अंकात ते द्या जे तासाच्या नोंदीत मावत नाही: कोणत्या गावाचा रस्ता कोणत्या पातळीला बंद झाला, पंचनाम्याला कोणती कागदपत्रं लागतात, गोठ्यातल्या जनावरांची नोंद कोणाकडे करायची. हा अंक लोक जपून ठेवतात, आणि पुढच्या पुरात काढून बघतात.

पान_एक

नदीकाठ यांच्या सांगण्यात दुरुस्तीची भर घालतो, कारण पुरात चूक होणारच.

अंकात चूक झाली तर पुढच्या अंकात खुलासा छापतो. साइटवर लोक गुपचूप आकडा बदलतात. तसं करू नका. बातमीच्या वरच लिहा: ‘दुरुस्ती, दुपारी ३.४०: आधी विसर्ग अमुक दिला होता, तो तमुक आहे.’ चुकीचा आकडा खोडून टाकला तर ज्याने तो आधी वाचला त्याला आपण चुकीचं वाचलं हे कळतच नाही. आणि शीर्षक बदललं तरी व्हॉट्सॲपवर आधीच गेलेल्या संदेशाच्या चौकटीत जुनंच दिसत राहतं. म्हणून ज्या ग्रुपवर चुकीची बातमी टाकली, त्याच ग्रुपवर दुरुस्ती वेगळा संदेश म्हणून टाकावी लागते. कोणत्या ग्रुपवर काय टाकलं याची वही ठेवा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर फार विसंबू नका. ती २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. व्हॉट्सॲप चॅनल सुरू करा, आणि त्याचा क्यूआर कोड छापील अंकाच्या पहिल्या पानावर, अंकाच्या नावाशेजारी द्या. निदान २ सेंमी बाय २ सेंमी. त्याहून लहान केला तर वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि मोबाइल तो वाचत नाही.

जुळारी

क्यूआर फक्त काळ्या शाईत छापा. चार रंगांतून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली तरी कोडच्या कडा दुहेरी होतात.