पोट फुगलेला अजगर लगेच उचलावा का?

अनघा (सावंतवाडी): परवा शेजारच्या खुराड्यात आठ फुटी अजगर सापडला. दोन कोंबड्या गिळल्यामुळे आला त्या भोकातून त्याला बाहेर पडता येईना. चौघांनी शेपटीला धरून ओढला, पोत्यात कोंबला. रानात पोतं उघडलं तर दोन्ही कोंबड्या त्याने ओकून टाकलेल्या, पिसं चिकट लाळेने माखलेली. मला फार वाईट वाटलं. खाल्ल्यावर अजगराचं सगळं शरीर पचनाच्या कामाला लागतं. ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशातल्या जातीच्या अजगराचं हृदय दोन दिवसांत सुमारे ४० टक्के वाढल्याचं प्रयोगात दिसलंय, आतडीही वाढतात. ती सगळी मेहनत मातीत गेली. दार उघडं ठेवून त्याला तिथेच राहू द्यायला हवं होतं.

विश्वास: ताई, तुमच्या कोंबड्या नव्हत्या म्हणून बोलता. गेल्या पावसात आमचं करडू गेलं. घरात तीन वर्षांची नात आहे. बिनविषारी असला तरी दात आत वळलेले असतात, चावला तर मांस फाटतं. वनखात्याला कळवा आणि लांब सोडा, एवढंच माझं म्हणणं.

अनघा: काका, नातीची काळजी रास्तच आहे. पण लांब सोडून तो लांब राहतो का? फ्लोरिडात ब्रह्मी अजगर २१ ते ३६ किलोमीटरवर सोडून पाहिले. सहापैकी पाच मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले.

मिलिंद, सर्पमित्र: मी काकांच्या बाजूने. वस्तीत तो राहिला तर कोणीतरी काठी घालतंच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, मारणं गुन्हा, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात नसतं. मात्र ओलं पोतं नको. गारठ्याने अजगराची फुप्फुसं बिघडतात. मग तोंड उघडं टाकून श्वास घेतो, नाकाशी फेस येतो. सापाला छातीचा पडदा नसतो, आपल्यासारखं खोकून कफ काढता येत नाही. कोरडी पेटी घ्या, पोटाला खालून आधार द्या आणि त्याच रानाच्या कडेला सोडा.

अनघा: पेटीत घातला तरी घाबरून ओकेलच ना? आणि मादी अंड्यांवर असेल तर? ती दोनेक महिने वेटोळं घालून, अंग थरथरवून अंडी उबवते. तिला उचललं की अंडी गेली.

मिलिंद: अंड्यांवरच्या मादीला मी हात लावत नाही. खुराड्यातली गोष्ट वेगळी.

विश्वास: तुम्ही दोघं पचेपर्यंत थांबा म्हणा नाहीतर पेटी आणा, तोवर रात्रभर तिथे बसणार कोण? मी बारीक जाळी मारून घेतोय. शेळ्या मात्र गोठ्यात उघड्यावरच आहेत.