गुडवूडला गाड्या पळवतात!
इंग्लंडमधल्या गुडवूड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात गाड्या नुसत्या मिरवतात का, असं कुणालाही वाटेल. छे, अक्षरशः जीव खाऊन पळवतात! जॅग्वार ई-टाइप आणि एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स गाड्या मागची चाकं घसरवत, एकमेकींना खेटून वळण घेतात तेव्हा काळजाचा ठोका चुकतो. या ट्रॅकवर १९४८ ते १९६६ शर्यती चालायच्या. त्याच काळातल्या गाड्या १९९८पासून सप्टेंबरात इथं पुन्हा उतरतात. ट्रॅक जुन्या लष्करी धावपट्टीभोवतीचा, जेमतेम ३.८ किलोमीटरचा. सकाळी लवकर पोचा. मेकॅनिक कार्बोरेटर जुळवत असतात, इंजिनात वंगण म्हणून घातलेल्या, जळणाऱ्या एरंडेलाचा वास नाकात भरतो. तो वास मला शर्यतीइतकाच प्रिय आहे. आणि कपडे जुन्या वळणाचेच घाला, बहुतेक प्रेक्षक तसेच येतात.